मतपत्रिकेवर आईचं नाव

वातुमेरा, ग्वाडलकनाल
मंगळवार, ९ एप्रिल २०२४

प्रिय सेल्विनदादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. पोरांची नावं मला कोणी धड सांगितलेली नाहीत, म्हणून सगळ्यांना मिळून एक पापा.

फोन मी दोनदा लावला. दोन्ही वेळा तू उचललास, माझा आवाज ऐकलास आणि ठेवून दिलास. म्हणून हा कागद. सिस्टर आग्नेस शुक्रवारच्या बोटीने मलाइटाला निघाली आहे. औकीच्या धक्क्यावरून वर डोंगरात तुमच्या गावापर्यंत पत्र पोचवायचं तिने कबूल केलंय.

इकडे सगळं चाललंय. रताळी यंदा बरी आली होती, पण डुकरांनी खालचा तुकडा उकरून टाकला. लिनसमामाचा गुडघा सुजलाय, तरी सुपारी चघळत झाडाखाली बसायचं त्याचं चुकत नाही. मी दवाखान्यातली नोकरी सोडली. कारण तुझ्या कानावर आलंच असेल, मी प्रांतिक सभेच्या निवडणुकीला उभी आहे. आपल्या वॉर्डातून बाई उभी राहायची ही पहिलीच वेळ.

अर्ज भरायला गेलो त्या दिवसाचं सांगते. टेबलामागच्या कारकुनाने विचारलं, "मतपत्रिकेवर नाव काय छापायचं?" मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाला, "नेस्ता व्हेरोनिका."

"हे झालं नाव. आडनाव?"

"तेच आडनाव. आईचं."

"पण मतदारयादीत नेस्ता इरोसाए आहे."

"यादी तुझ्या सरकारची," मामा म्हणाला, "मतं आमची. लिही."

बाहेर आल्यावर मी चिडले. म्हटलं, "मामा, बारा वर्षं या वॉर्डात मी सुया टोचल्यात, बाळंतपणं केलीत. निम्मी पोरं माझ्या हातावर जन्मलीत. लोक मला ओळखतात."

"नर्स म्हणून ओळखतात. सुई टोचून घेताना कोणी आडनाव विचारत नाही पोरी, मत देताना विचारतात. कागदावर बापाचं नाव आलं की तू मलाइटाची. आईचं आलं की या जमिनीची. यात रागवण्यासारखं काय आहे?"

आणि दादा, त्याचं चुकलं नव्हतं. गेले पाच आठवडे मी घरोघर फिरते आहे. दवाखान्याला छप्पर नाही, नदीवरचा रस्ता वाहून गेलाय, पोरींची शाळा सातवीला संपते. मी हे सगळं पाठ करून जायचे. कोणी ते ऐकूनच घेत नाही. दारात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न एकच, "कोणाची गं तू?" मी म्हणते, "व्हेरोनिकाची. नदीकाठच्या आजीची नात." मग तोंडं सैल होतात. "म्हणजे आपलीच की! ये, बस, नारळ फोडते." एका म्हातारीने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "केस मात्र तिकडचे आलेत." दुसऱ्या दिवशी मी केस बारीक कापून टाकले. आरशात बघितलं तर तुझ्यासारखी दिसायला लागले.

ज्या वर्षी इकडच्या पोरांनी मलाइटाच्या लोकांना घरांतून हाकललं, तू आणि बाबा बोटीत बसलात आणि आई मला घेऊन स्वतःच्या जमिनीवर राहिली, त्या वर्षाबद्दल घरोघर अजून असं बोलतात की जणू मागच्या महिन्यात झालं.

समोर ऑगस्टीन आहे. दोनदा निवडून आलाय, यंदा छपराचे पत्रे आणि सौर दिवे वाटतोय. माझ्याविरुद्ध तो वाईट बोलत नाही. उलट म्हणतो, "नेस्ता चांगली नर्स. मी स्वतः तिच्याकडून इंजेक्शन घेतो. फक्त एवढंच विचारा तिला, आडनाव का लावत नाही?" आणि हसत पुढच्या गावाला जातो.

बाबा अजून होनियारा शहराच्या कडेच्या त्या वस्तीतच आहेत, आपल्या तिकडच्या लोकांत. मी दर शुक्रवारी अळकुड्या आणि नारळ घेऊन जायचे. अर्ज भरल्यापासून गेले नाही. मतदान होईस्तोवर नको, असं मामाचं म्हणणं.

परवा रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या पटांगणात सभा झाली. तीनशेक माणूस होतं. सभा बरी झाली. बाबाही आले होते. थोडं बोलले आणि गेले. परतताना ट्रकवरून पडले म्हणे, वस्तीतल्या एकाने बाजारात सांगितलं. मी गुरुवारी जाऊन बघून येईन.

सतरा तारखेला मतदान आहे. तू हल्ली प्रार्थनेला नेमाने जातोस असं ऐकलं. माझ्यासाठी काही मागू नकोस. बाबांसाठी माग.

तुझी,
नेस्ता


वातुमेरा
रविवार, ५ मे २०२४

दादा,

बाबांना तू स्वतः बोटीवरून खांद्यावर उतरवून घेतलंस, असं वस्तीतल्या लोकांनी परत येऊन सांगितलं. तुला काय सांगितलं गेलं तेही त्यांनी सांगितलं. ट्रकवरून पडले.

मी अडतीस मतांनी निवडून आले.

आता पहिल्या पत्रात जे लिहिलं नाही ते लिहिते. मध्येच थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच.

सभेत मी दवाखान्याबद्दल बोलत होते. तेवढ्यात आपल्या शाळेच्या बर्नार्ड मास्तरांचा धाकटा भाऊ उठला. त्याच्यामागे त्याची तीन मुलं उभी होती. तो म्हणाला, "नेस्ता, छपराचं नंतर. पुलावर त्या दिवशी बंदूकवाले एकमेकांना हाका मारत होते. ट्रकमधल्या म्हातारीने नाव ऐकलं, इरोसाए. तुझी आई मरेपर्यंत म्हणत राहिली, मला काही ऐकू आलं नाही. तू पण होतीस ट्रकमध्ये. आमच्या दादाला खाली उतरवणारा तो इरोसाए तुझा बाप होता की नाही, ते सांग, आणि मग मत माग."

त्या दिवसाबद्दल तू आणि मी कधीच बोललो नाही. तुला ठाऊक आहे ते सगळं मी आता कागदावर लिहिते आहे, कारण एकदा तरी ते कोणीतरी कोणालातरी सांगायला हवं.

जून महिना होता. मी नऊ वर्षांची. तापाने मला झटके यायला लागले होते. शहरातल्या दवाखान्यात नेणं भाग होतं आणि रस्ता बंद होता. बाहेर इकडची बंदूकवाली पोरं, शहराच्या तोंडाशी तुमची. कोणी ट्रक काढायला तयार नव्हतं. बर्नार्ड मास्तरांनी शाळेचा ट्रक काढला. फादरची चिठ्ठी खिशात घातली आणि आरशाला पांढरं कापड बांधलं. मागे आई, आईच्या मांडीवर मी, आणि एक म्हातारी.

पुलावर तुमच्या लोकांनी थांबवलं. सगळ्यांच्या तोंडाला फडकी. कोणीतरी हाक मारली, "इरोसाए!" आणि वळलास तो तू. तोंड झाकलेलं होतं, पण अंगात आईने शिवलेला शर्ट होता, एका खिशाचा रंग वेगळा असलेला. तू माझ्याकडे बघितलंस. मी तुझ्याकडे बघितलं. तू म्हणालास, "बायकांना जाऊ दे." मास्तरांना उतरवलं. दुसऱ्याच कुणी ट्रक हाकत आम्हाला दवाखान्याच्या दाराशी सोडलं. मास्तर पुन्हा कोणाला दिसले नाहीत.

बाबा त्या दिवशी तुमच्या डोंगरात आजीच्या घराचं छप्पर शाकारत होते. पुढे तू त्यांना सगळं सांगितलंस, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. आई जाणत होती, मी जाणत होते, बाबा जाणत होते. नाव दोघांचं एकच, म्हणून इकडे सगळे बाबांनाच धरून चालले. मी आणि आईने ते तसंच चालू दिलं. सतरा वर्षांच्या पोरापेक्षा म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसावर ते ओझं बरं, असं आई एकदा म्हणाली होती. एकदाच.

तर पुन्हा सभेकडे येते. तीनशे माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. आणि मागून, निरफणसाच्या झाडाखालून, बाबांचा आवाज आला.

ते कधी आले ते मी बघितलं नव्हतं. आपल्या आईच्या भाषेत बोलले. चाळीस वर्षं बोलूनही उच्चार सुधारला नव्हता त्यांचा, पोरं हसायची ना त्यांना? त्या दिवशी कोणी हसलं नाही.

"तो इरोसाए मी," ते म्हणाले. "पुलावर मी होतो. मास्तरांना मी उतरवलं. ही पोरगी माझी कोणी नाही. हिच्या आईने त्याच वर्षी मला घराबाहेर काढलं. हिला मी वाढवलं नाही, हिने माझं काही खाल्लेलं नाही. माझं पाप हिच्या पदरात घालू नका."

लिनसमामा माझ्या शेजारी उभा होता. तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "नेस्ता, लोकांना सांग. हा माणूस तुझा कोण?"

मी म्हणाले, "कोणी नाही."

टाळ्या वाजल्या, दादा. पाच आठवड्यांत पहिल्यांदा माझ्यासाठी टाळ्या वाजल्या. पुढच्या रांगेत मास्तरांची बायको फिलोमेना बसली होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती बाबांकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती.

बाबा वळून रस्त्याकडे चालू लागले. मास्तरांचे ते तिघे पुतणे त्यांच्यामागे निघाले. मी ते बघितलं. मी छपराबद्दल पुढे बोलायला लागले.

गुरुवारी वस्तीत गेले. बाबा चटईवर पडले होते. ओठ पांढरे पडलेले. डाव्या बरगडीखाली हात ठेवला तर पोट लाकडासारखं. म्हणाले, "डावा खांदा का दुखतो गं? खांद्याला तर कोणी हात लावला नाही." मी बारा वर्षं नर्स होते. मलेरियाने सुजलेली प्लीहा, तिच्यावर एक लाथ. आतल्या आत रक्त साचत जातं. आज बोलतो माणूस, उद्या बोलतो, आणि मग एका सकाळी नाही. मला ते बोटाला कळलं.

मी म्हटलं, "बाबा, उठा. आत्ता दवाखान्यात जायचं."

"तिथे दारात नाव लिहून घेतात," ते म्हणाले. "पेशंटचं नाव काय, सोबत कोण, नातं काय. तू काय लिहिणार?"

"बाबा, काहीतरी लिहीन."

"आणि तिथल्या तुझ्या मैत्रिणी? त्या निम्म्या तुझ्याच वॉर्डातल्या. संध्याकाळपर्यंत सगळीकडे होईल. बुधवारपर्यंत थांब. मी कुठे पळून चाललोय?" आणि हसले. हसताना दुखलं, म्हणून थांबले.

मी त्यांना दुखण्याच्या गोळ्या दिल्या. शेजारच्या बाईला सांगितलं, पाणी पाजत राहा. आणि निघाले.

ते नको म्हणाले, असं मी नंतर स्वतःला खूपदा सांगून बघितलं. पण कितीतरी म्हातारे नको म्हणतात, आणि मी त्यांना उचलून ट्रकमध्ये घातलेलं आहे. त्या दिवशी मला थांबायचं होतं. बुधवारपर्यंत सहा दिवस होते. मी मनात हिशोब केला की तोवर टिकतील. दादा, मी बापाच्या पोटावर हात ठेवून मतदानाचे दिवस मोजले.

बुधवारी मतदान झालं. गुरुवारी पहाटे ते गेले. तेव्हा मतपेट्या अजून उघडत होत्या. शुक्रवारी निकाल लागला. शनिवारी वस्तीतल्या लोकांनी वर्गणी काढून त्यांना बोटीवर चढवलं. मला निरोप पाठवला होता. त्या वेळी मी ट्रकच्या टपावर होते, गळ्यात फुलांच्या माळा, मागे ढोल. किनाऱ्याच्या रस्त्याने जाताना मला ती बोट दिसली. ट्रक थांबवा, असं मी म्हणाले नाही.

आता तुझ्याकडे मागणं आहे.

फिलोमेनाला मास्तरांचं एक हाडही मिळालेलं नाही. चोवीस वर्षं ती ऑल सोल्सला, मेलेल्यांच्या आठवणीच्या दिवशी, सगळ्यांबरोबर कबरस्तानात येते आणि दुसऱ्यांच्या कबरी साफ करून जाते. मी तिच्याकडे जाणार आहे. तिला सगळं सांगणार आहे, पुलावरचं आणि सभेतलं. पण रिकाम्या हाताने जायची मला हिंमत नाही. जागा तुला ठाऊक आहे. लिहून पाठव. यायचं नसेल तर येऊ नकोस. महिनाभर मी कोणाजवळ तोंड उघडणार नाही.

तेव्हा तू मला जाऊ दिलंस म्हणून मी आहे, हे मी विसरलेली नाही. मास्तर गेले तेही माझ्याच तापापायी, हेही नाही.

पुलावर तुला ओळखणारी,
नेस्ता


वातुमेरा
रविवार, ३० जून २०२४

सेल्विनदादा,

तुझं पाकीट मिळालं. आत एक शब्द नव्हता, फक्त नकाशा. पेन्सिलने काढलेली नदी, पूल, ताडाच्या मळ्याची शेवटची ओळ, तिथून उगवतीला किती पावलं, एक मोठा दगड, दगडापासून किती पावलं. तू तिथे एकदाच गेला असशील, सतरा वर्षांचा असताना. एवढी पावलं चोवीस वर्षं डोक्यात कशी राहतात ते मी ओळखू शकते.

गोळी कोणी घातली ते नकाशात नाही. मी विचारत नाही.

कागद घेऊन मी फिलोमेनाकडे गेले. ती मागच्या अंगणात कसावा किसत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तिने किसणी खाली ठेवली नाही, किसतच राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, "तुझा बाप खोटं बोलतोय ते मला सभेतच कळलं होतं. म्हातारीने मला तेव्हाच सांगितलं होतं, आवाज पोराचा होता."

"मग मावशी, तू उठून बोलली का नाहीस?"

"मी? त्याची मुलगी तू. तू उठलीस का?"

मी खाली बसले. आणि का कोण जाणे, विचारलं, "मत कोणाला दिलंस?"

"तुला."

"सगळं कळत असून?"

"मग काय ऑगस्टीनला देऊ?" तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी बावळट विचारलं होतं. "तो पलीकडच्या कुळाचा. तुझी आजी आणि माझी आजी एका कुळाच्या. मत आपल्याच माणसाला द्यायचं असतं. तू कशी आहेस ते वेगळं."

मग तिने हात धुतले, नकाशा घेतला आणि तिच्या मोठ्या मुलाला हाक मारली.

खणायला तिचे दोघे मुलगे, फादर आणि पोलीसचौकीतले दोन शिपाई होते. पहिल्या दिवशी काही मिळालं नाही. नदीने काठ बदललाय, तुझा दगड अर्धा पाण्यात गेलाय. दुसऱ्या दिवशी दुपारी धाकट्याचं फावडं थांबलं. पुढचं मी लिहीत नाही. एवढंच सांगते की पँटच्या खिशाच्या जागी शाळेच्या कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा होता, गंजून एक झालेला. फिलोमेनाने तो ओच्यात घेतला आणि तशीच मातीत बसून राहिली. तुझ्याबद्दल तिने एकच विचारलं, "त्याला किती मुलं?" मला आकडा सांगता आला नाही.

तिने भरपाई मागितलेली नाही. तिच्या दिराने मागितली, डुकरं आणि शंखांच्या माळा, आणि इकडे तसं मागणं रीतीला धरूनच आहे. पण ती म्हणाली, "मला माळा नको. त्याने येऊन माझ्यासमोर बसावं." बसून काय करावं, ते तिने सांगितलं नाही.

गेल्या रविवारी त्याच पटांगणात मी लोकांना बोलावलं आणि सगळं सांगितलं. तुझं, आईचं, माझं. बाबांच्या पोटावर हात ठेवला तेही सांगितलं. मला वाटलं होतं, ते ऐकून लोक थुंकतील. त्याच्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं, दादा. बाप मेला, मुलीने मरू दिला, याबद्दल एक माणूस बोलला नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "शेवटी मलाइटाचंच रक्त." बाकीच्यांनी माना हलवल्या, आणि सगळ्यांना सगळं समजल्यासारखं झालं. लिनसमामा उठून गेला. तेव्हापासून तो माझ्या घरावरून जाताना दुसऱ्या बाजूला बघतो.

सोमवारी मी राजीनामा दिला. पुन्हा निवडणूक लागेल. मामाने आपल्या मावसबहिणीच्या मुलाला उभं करायचं ठरवलंय. तो कधी दवाखान्याच्या पायरीवर चढलेला नाही, होनियारात गाड्या विकतो. पण आई इकडची, बापही इकडचा. मामा म्हणतो, यंदा कोणी प्रश्न विचारायला जागा नाही. बहुतेक तोच येईल.

आता मला खरं सांगायचं ते.

हाडं निघाल्यावर शहरातून एक पोलीस अधिकारी आला. त्याने मला चौकीत बोलावलं आणि म्हणाला, "बाई, दोन माणसं मेलीत. एक तेव्हा, एक आत्ता. दोन्हींत तुम्हीच साक्षीदार. मला नावं हवीत."

बाबांच्या मागे गेलेल्या त्या तीन पोरांची नावं वातुमेरात सगळ्यांना ठाऊक आहेत. पण एकही माणूस ती उच्चारत नाही. शिपाई विचारायला आले की सगळे म्हणतात, गर्दी होती, ऊन होतं. ते फिलोमेनाचेही पुतणेच. त्यांतल्या एकाचं बाळ जानेवारीत माझ्या हातावर झालं. उलटं होतं, पाच तास लागले. बाहेर तो रडत बसला होता, नर्सबाई वाचवा म्हणत. त्याचं नाव मी आधी दिलं. मग दुसऱ्या दोघांची.

अधिकारी म्हणाला, "आणि पुलावरचं?"

मला वाटलं होतं की इथे माझी जीभ अडेल. अडली नाही. मी तुझं पूर्ण नाव सांगितलं, बाबांचं नाव, गावाचं नाव, औकीहून वर कुठल्या वाटेने जायचं तेही. त्या वेळच्या बंदूकवाल्यांना पुढे माफी देणारा कायदा या प्रकाराला लागू नाही, असं तो म्हणाला.  त्याने लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं आणि मी खाली सही केली.

चार नावं दिली, दादा. तीन इकडची, एक तिकडचं. इकडचे मला आता तिकडची म्हणतात. तुझ्या गावात हे कळलं की तिकडचे मला इकडची म्हणतील. दवाखान्यात मी पुन्हा नोकरी मागितली तर मिळाली, कारण दुसरं कोणी यायला तयार नाही. बायका येतात, पोरांना टोचून घेतात आणि काही न बोलता जातात.

पोलीस गुरुवारच्या बोटीने तुझ्याकडे निघतील. हे पत्र मंगळवारच्या बोटीने येतंय. मधले दोन दिवस तुझ्याजवळ आहेत. वहिनीला आणि पोरांना हे त्यांच्या तोंडून कळण्याआधी तू सांग. त्यापलीकडे त्या दोन दिवसांत काय करायचं, ते मी सुचवणार नाही.

तुझी सख्खी बहीण,
नेस्ता